पुन्हा आयपॅडच घ्यावा की सॅमसंगकडे वळावं? (वर्गात शिकवण्यासाठी)

रसायनवाली_लातूर

नमस्कार मंडळी,

मी लातूरला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. बहुतेक मुलं 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी, त्यामुळे सेंद्रिय रसायनावर भर असतो. माझ्याकडे २०१८ चा सहाव्या पिढीचा आयपॅड आणि पहिल्या पिढीची ॲपल पेन्सिल आहे. वर्गात फळ्याऐवजी त्यावरच लिहिते, प्रोजेक्टरला जोडून. बेंझिनचं कडं, त्यावर येऊन बसणारा नायट्रो गट, इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे गेली ते दाखवणारे वाकडे बाण, हे सगळं दोन-तीन रंगांत मुलांच्या डोळ्यांसमोर सावकाश उमटावं लागतं. तयार स्लाइड दाखवली की मुलं ती उतरवून घेतात आणि मोकळी होतात. बाण हाताने काढताना मी जिथे थांबते, तिथेच त्यांचे प्रश्न येतात.

आता हा आयपॅड बदलायची वेळ आली आहे. त्याला मिळालेलं शेवटचं मोठं अपडेट म्हणजे २०२३ चं आयपॅडओएस १७. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या १८ मध्ये सहाव्या पिढीचा समावेश नव्हता. (आयपॅडवर ॲपलचा स्वतःचा कॅल्क्युलेटर पहिल्यांदा आला तो त्याच १८ मध्ये. मोलॅरिटीची गणितं करणाऱ्या मला तो तेवढा हवा होता.) बॅटरीही थकली आहे, आणि इतक्या वापरानंतर ती थकणारच. माझी काही तक्रार नाही. या यंत्रावर मी खूप शिकवलं आहे.

घरात सगळ्यांचे आयफोन आहेत. नोट्स सगळ्या गुडनोट्स या लिहिण्याच्या ॲपमध्ये, एका धड्याची एक वही अशा. घरचे म्हणतात, "आयपॅडच घे, उगाच कशाला बदल?" स्टाफरूममधल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे सॅमसंगचा टॅब आहे. पेन त्याच्या खोक्यातच आलं, वेगळे पैसे पडले नाहीत. ते म्हणतात, "मॅडम, एकदा लिहून तर बघा." माझ्या वर्गातल्या मुलांकडे म्हणाल तर जवळपास सगळं अँड्रॉइडच. काहींना महाज्योती या सरकारी संस्थेकडून मिळालेले टॅब आहेत, बाकीचे वडिलांच्या फोनवर अभ्यास करतात. त्यांना मी काहीही पाठवायचं म्हटलं तरी ते पीडीएफ करून व्हॉट्सॲपवरच जातं.

तेव्हा प्रश्न असा. सॅमसंगकडे जायचा विचार आला की मला आतून नको वाटतं. या नको वाटण्याला काही खरा आधार आहे का? बदलण्याचा खरा खर्च किती आणि नुसती सवय किती, हे मला वेगळं करून बघायचं आहे. ज्यांनी इकडून तिकडे उडी मारली आहे किंवा मारता मारता थांबले आहेत, त्यांनी अनुभव सांगा. बजेट पेन धरून चाळीस हजारांच्या आसपास.

---

रेघाळ_नाशिक

मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते. आयपॅडवर आहे आणि तिथेच राहणार. पण मला बांधून ठेवलंय ते प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपनं. टास्मानियातली एक छोटी कंपनी ते बनवते, एकदाच पैसे द्यायचे, दरमहा भाडं नाही, आणि ते फक्त ॲपलच्याच यंत्रांवर चालतं. माझे ब्रश, कागदाचे पोत, रंगांच्या पट्ट्या, सगळं त्यात वर्षानुवर्षं जमवलेलं. उद्या तेच प्रोक्रिएट सॅमसंगवर आलं तर मी दोन्ही टॅब शेजारी ठेवून, ज्याच्यावर हात चांगला चालेल तो घेईन.

म्हणून माझा सल्ला असा की तुमचं काम कुठल्या ॲपशिवाय अडतं ते आधी ठरवा. माझं अडतं. वर्गात बाण आणि कडी काढायला तुम्हाला लागतं ते जवळजवळ प्रत्येक लिहिण्याच्या ॲपमध्ये आहे.

तरी एक गोष्ट मी नेमाने करते. प्रत्येक चित्र पूर्ण झालं की प्रोक्रिएटच्या स्वतःच्या फाइलसोबत एक पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलीची, प्रतही काढून ठेवते. त्यात चित्राचे थर सुटे राहतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. प्रकाशकाला तीच लागते, आणि मलाही रात्री झोप लागते.

---

टॅबवाला_कोल्हापूर

ताई, तुमचा प्रश्न आवडला. गिऱ्हाईक दुकानात येतं ते "कुठला चांगला?" विचारत. "मला नको का वाटतंय?" असं कोणी विचारत नाही. जरा सविस्तर लिहितो.

माझं कोल्हापुरात मोबाईल-टॅबचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. २०१० च्या शेवटी सॅमसंगचा सात इंची गॅलेक्सी टॅब आला तेव्हापासून हा माल काउंटरवर बघतोय. त्या टॅबमध्ये सिम घालून थेट फोन करता यायचा आणि लोक खरंच तो कानाला लावून बोलायचे. आयपॅडमध्ये तशी सोय नव्हती, आजही नाही. आपल्याकडे सॅमसंगचं पाऊल पक्कं झालं त्यात या सिमचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. एकाच वस्तूत फोनही झाला आणि पोरांचा सिनेमाही झाला, तर घरातली चार माणसं खरेदीला हो म्हणतात.

आधी तुमच्या हातातल्या आयपॅडबद्दल सांगतो, कारण तो स्पर्धेतूनच आलेला आहे. ॲपलने तो २७ मार्च २०१८ ला शिकागोच्या एका सरकारी शाळेत जाहीर केला. शाळाच का निवडली? कारण तेव्हा अमेरिकेतल्या शाळांत गूगलची क्रोमबुकं, म्हणजे स्वस्तातले लॅपटॉप, भरभरून जात होती. त्याच्या आदल्याच दिवशी एसरने पेनासकट क्रोम टॅबलेट जाहीर केला होता, किंमत ३२९ डॉलर. ॲपलच्या आयपॅडचीही किंमत ३२९ डॉलर, शाळांसाठी २९९. आणि ॲपल पेन्सिल, जी तोवर फक्त महागड्या आयपॅड प्रोवर चालायची, ती पहिल्यांदाच सर्वांत स्वस्त आयपॅडवर चालू झाली. समोर गूगल नसतं तर तुमच्या किमतीच्या आयपॅडवर पेन्सिल तेव्हाच आली असती, असं मला वाटत नाही. तुमचे बाण त्या चढाओढीतून आलेत.

असं पुष्कळदा झालंय. ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स म्हणाले होते की सात इंची टॅब जन्मतःच मेलेले आहेत, ते वापरायचे तर बोटं घासून बारीक करायला सोबत सँडपेपर द्यावा लागेल. बरोबर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ॲपलचा आयपॅड मिनी आला, आठ इंचांच्या आतला. मधल्या काळात ॲमेझॉनचा किंडल फायर आणि गूगलचा नेक्सस ७, दोन्ही १९९ डॉलरचे, बाजारात उतरले होते. पेनाचंही तेच. २०१२ मध्ये सॅमसंगने दहा इंची गॅलेक्सी नोटबरोबर पेन दिलं आणि पडद्यावर दोन ॲपं शेजारी-शेजारी चालवून दाखवली. ॲपलकडे या दोन्ही गोष्टी २०१५ मध्ये आल्या.

तेव्हा कुठल्याही कंपनीवर इतकं प्रेम करू नका की दुसरीकडे बघणंच थांबेल. सगळीच गिऱ्हाइकं बघायची थांबली तर कंपनीला तरी काही नवं द्यायची गरज काय उरते?

आता निष्ठेबद्दल. पहिली खरेदी किमतीवर होते, जाहिरातीवर होते, भाच्याने सांगितलं म्हणून होते. खरं काय ते दुसऱ्या खरेदीला कळतं. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या 'आकाश' या स्वस्त सरकारी टॅबलेटचं उद्घाटन केलं, तेव्हा माझ्या दुकानात रोज कोणीतरी येऊन विचारायचं, "आकाश आला का?" तो दुकानात मिळणारा मालच नव्हता. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि नखाने दाबावा लागणारा पडदा. पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली आकाश २ आला, नोव्हेंबर २०१२ मध्ये. एक गिगाहर्ट्झचा, बोट नुसतं टेकवलं तरी चालणारा. पण तोवर मायक्रोमॅक्सचा फनबुक ६,४९९ रुपयांना आला होता आणि लोक तो घेऊन गेले. मीही भरपूर विकले. त्या काळात पाच-सहा हजारांच्या टॅबांची नुसती रांग लागली होती, दर महिन्याला नवं नाव. पडदा फुटला की मी सुटा भाग शोधत मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, फोन लावायचो, आणि उत्तर यायचं की ते मॉडेल बंद झालं. त्यातल्या कुठल्याच नावाचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तेच नाव मागायला आलं नाही. तिथे त्याचं असं काही अडकलेलंच नव्हतं आणि दुरुस्तीचा भरवसाही नव्हता.

नाव मोठं असलं की भागतं असंही नाही. एचपीने टचपॅड १ जुलै २०११ ला बाजारात आणला, ४९९ डॉलरला, आणि १८ ऑगस्टला बंद करत असल्याचं जाहीर केलं. शिल्लक माल ९९ डॉलरला काढला तेव्हा अमेरिकेत त्यावर झुंबड उडाली. म्हणजे वस्तू लोकांना हवी होती, फक्त त्या किमतीला. मायक्रोसॉफ्टचं तर आणखी बोलकं आहे. सगळं जग विंडोज वापरतं, म्हणजे निष्ठा तयारच होती. २०१२ मध्ये त्यांनी सरफेस आरटी आणला. दिसायला विंडोज, पण लोकांची जुनी विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर चालत नव्हती. जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापायी ९० कोटी डॉलर तोट्यात दाखवावे लागले. नाव ओळखीचं होतं, पण स्वतःचं सामान तिथे नेता येत नव्हतं.

हे सामान नेण्याचंच मी सांगतोय. माझ्याकडे एक भजनी मंडळाचे बुवा येतात. त्यांचे अभंग, गवळणी, भारूडं सगळी पीडीएफमध्ये, मेमरी कार्डात. गायला बसले की समोर टॅब. त्यांनी आजवर वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅब वापरले. नवा घेतला की जुन्यातलं कार्ड काढतात, नव्यात घालतात आणि संध्याकाळी भजनाला बसतात. त्यांना ब्रँडचं काही नाही. उलट एक डॉक्टर आहेत, त्यांनी पेशंटच्या आकृत्या, टिपणं सगळी एकाच ॲपमध्ये ठेवली आहेत. दर वेळी सांगतात, "या खेपेला दुसरं बघू." आणि दर वेळी तेच घेऊन जातात. दोघांत निष्ठावान कोण म्हणायचं?

तर ताई, कुठला घ्यायचा ते नंतर. आधी एक करा. तुमच्या गुडनोट्समधली एक वही, ज्यात सर्वांत जास्त काटछाट आहे अशी, पीडीएफ करून सरांच्या टॅबवर पाठवा. उघडा, तिच्यावर लिहा, त्याच टॅबवरून एक तास शिकवा. काय अडलं ते कागदावर उतरवा. तोच तुमचा बदलण्याचा खर्च.

---

जळगावचा_बाबा

एवढा विचार कशाला हवा? रेडमी, रिअलमी, लेनोवो, कोणाचाही पंधरा-वीस हजारांतला टॅब घ्या, तीन वर्षं वापरा, नवा घ्या. माझ्या दोन्ही मुलांची लॉकडाऊनमधली शाळा अशाच टॅबांवर झाली. चाळीस हजार एका वस्तूत घालण्यापेक्षा तेवढ्यात दोन येतात. आणि स्वस्तातल्या अँड्रॉइड टॅबवरही दोन मुलांची दोन वेगळी खाती उघडता येतात. आयपॅडवर आजही घरगुती वापराला तशी सोय नाही, म्हणजे प्रत्येकाला वेगळा घेऊन द्या. कंपनीला ते बरंच आहे.

---

टॅबवाला_कोल्हापूर

दादा, वेगळ्या खात्यांचं अगदी खरं. अँड्रॉइड टॅबवर ती सोय २०१२ च्या शेवटापासून आहे. ॲपल शाळांना आणि संस्थांना तसं करू देतं, घरी नाही. तिथे स्पर्धेचा अजून काही उपयोग झालेला नाही.

बघायला आणि वाचायला तुमचं बरोबर आहे, मीही तसेच टॅब देतो. ताईंचं काम लिहिण्याचं आहे. तळहात पडद्यावर टेकवून तासभर लिहायचं, रेघ पेनाच्या मागे रेंगाळता कामा नये, हात टेकला म्हणून भलतीकडे रेघ उमटता कामा नये. त्यासाठी पडद्याखाली पेन ओळखणारा वेगळा थर लागतो आणि अगदी स्वस्तातल्या टॅबमध्ये तो नसतो. तिथे रबरी टोकाचं पेन म्हणजे बोटच समजा.

आणि लॉकडाऊनचं निघालंच आहे तर तेही सांगतो. त्या काळात एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचे टॅब घरोघरी गेले, मोठे हप्ते बांधून. आत त्यांचेच धडे, बाकी जवळजवळ सगळं बंद. नंतर कितीतरी आईवडील माझ्याकडे ते टॅब घेऊन आले, "हा नुसता साधा टॅब करून द्या" म्हणत. काही झाले, बरेचसे झाले नाहीत. चांगला पडदा, चांगली बॅटरी, आणि ड्रॉवरमध्ये पडून. मला त्याचं फार वाईट वाटतं. गिऱ्हाइकाला इतकं बांधून ठेवणं चुकीचंच आहे, मग कंपनी कुठलीही असो.

---

आइंडहोव्हनकर

मूळचा सांगलीचा, कामानिमित्त नेदरलँड्समध्ये असतो. टॅबवाले दादा म्हणतात ते 'सामान अडकणं' इथे युरोपात आता कायद्याच्या भाषेत आलंय, म्हणून लिहितो.

युरोपीय संघाचा डिजिटल बाजारांचा एक कायदा आहे. ज्या कंपन्यांना वळसा घालून बाजारात जाताच येत नाही, त्यांना तो द्वारपाल ठरवतो आणि त्यांच्यावर जादा बंधनं घालतो. २९ एप्रिल २०२४ ला युरोपीय आयोगाने आयपॅडओएसला द्वारपाल ठरवलं. आयपॅड वापरणाऱ्यांची संख्या कायद्यातल्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नव्हती, तरीही ठरवलं. आयोगाने दिलेल्या कारणांपैकी दोन सांगतो. आयपॅडवरून धंदा करणाऱ्यांची संख्या मर्यादेच्या अकरापट होती. आणि वापरणारे लोक आयपॅडओएसमध्ये अडकलेले आहेत, ॲपल आपल्या बाकीच्या वस्तू-सेवांच्या जोरावर त्यांना दुसरीकडे जाण्यापासून परावृत्त करतं, असं आयोगाने म्हटलं. ताई, तुमच्या 'आतून नको वाटण्या'चा एक भाग म्हणजे नेमकं हेच आहे.

दुसरा नियम मला रोजच्या जगण्यात जास्त मोलाचा वाटतो. २० जून २०२५ पासून इथे बाजारात येणाऱ्या नव्या फोन आणि टॅबलेटना दुरुस्तीचे नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं सॉफ्टवेअरची अपडेटं, सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग. फ्रिजवर असते तशी एक पट्टी खोक्यावर, आणि दुरुस्तीला वस्तू किती सोपी ते सांगणारी A ते E अशी श्रेणी त्या पट्टीवर छापलेली. दुकानात दोन टॅब शेजारी ठेवून तेही ताडून बघता येतं. लॅमिंग्टन रोडवरचं ते "मॉडेल बंद झालं" वाचताना मला हेच आठवत होतं. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलंय, पण खोक्यावरच्या पट्टीपर्यंत आपण पोहोचायला हवं. किमतीवर स्पर्धा होतेच, ती टिकण्यावर आणि दुरुस्तीवरही झाली पाहिजे.

---

रसायनवाली_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅबवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं.

वही निवडली ती अल्डिहाइड-कीटोनची, कारण त्यात सर्वांत जास्त खाडाखोड आहे. पीडीएफ करून सरांच्या टॅबवर उघडली. पानं जशीच्या तशी आली, रंगही, माझं अक्षरही. तिच्यावर नवीन लिहिताही आलं. एकच गोष्ट हरवली. गुडनोट्समध्ये मी आधी लिहिलेल्या बाणाभोवती कुंपण घालून तो उचलते आणि बाजूला सरकवते. पीडीएफ झालेल्या पानावर ते करता येईना. जे लिहिलं होतं ते छापल्यासारखं पक्कं झालं.

मग मी जरा शांत बसून विचार केला की मी जुने बाण खरंच किती वेळा सरकवते? अल्डॉल संघनन, कॅनिझारोची अभिक्रिया, हे मी दरवर्षी नव्या पानावर नव्यानेच काढते, कारण मुलं नवीन असतात आणि अडण्याच्या जागाही वेगळ्या असतात. जुनी वही उघडते ती फक्त कुठल्या क्रमाने गेले होते ते बघायला. त्यासाठी पीडीएफ पुरेशी आहे. म्हणजे इतकी वर्षं जमवलेल्या ज्या वह्यांपायी मी बदलायला तयार नव्हते, त्या माझ्याबरोबर येतात.

सरांच्या पेनाने एक तास शिकवलं. पडद्याचा स्पर्श वेगळा वाटला, पेन बारीक आणि हलकं. ते चार्ज करावं लागत नाही हे मला फार आवडलं. माझी पेन्सिल तास सुरू व्हायच्या वेळी कधी संपली की ती आयपॅडच्या खाली खोचून ठेवावी लागते, आणि तेवढ्या वेळात मुलांचं लक्ष जातं. उलट माझ्या आयपॅडवर जाड-बारीक रेघेवर हात बसलेला आहे, तो इथे नव्याने बसवावा लागेल. पंधरा दिवसांत बसेल असं वाटतं.

आयफोनवरून आयपॅडवर फोटो झटकन जातात ती सोय जाईल. घरी मी ती पुष्कळ वापरते, वर्गासाठी जवळजवळ कधीच नाही. मुलांकडे अँड्रॉइड आहे हे तर मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं, पण त्याचा हिशेब मांडला तो आत्ता.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवटी आयपॅडच घ्यायचं ठरलं तर जुनी पेन्सिल नव्यावर चालेल का? आणि सॅमसंग ठरला तर प्रोजेक्टरला तारेने जोडता येईल ना? आमच्या वर्गात वायफायचा भरवसा नाही.

---

टॅबवाला_कोल्हापूर

ताई, पेन्सिलीचं आधी. २०२५ मध्ये आलेल्या ए१६ चिपच्या साध्या आयपॅडवर तुमची पहिल्या पिढीची पेन्सिल चालते. पण त्याला यूएसबी-सीचं तोंड आहे, त्यामुळे पेन्सिल जोडायला आणि चार्ज करायला ॲपलचा छोटा ॲडॅप्टर घ्यावा लागेल. आयपॅड एअरवर ती चालणार नाही, तिथे नवीनच घ्यावी लागेल. यूएसबी-सीवाली स्वस्त पेन्सिल घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिला दाब कळत नाही. तुमचा हात जाड-बारीक रेघेवर बसलाय म्हणता, म्हणजे तुम्हाला ते जाणवेल. त्यापेक्षा जुनीच ॲडॅप्टर लावून वापरा.

आता प्रोजेक्टर. बरं झालं विचारलंत, इथे बरेच जण फसतात. यूएसबी-सीचं तोंड सगळ्या टॅबना सारखंच दिसतं, पण त्यातून चित्र बाहेर पाठवायची सोय सगळ्यांत नसते. ए१६ च्या आयपॅडमध्ये आहे. सॅमसंगच्या एस मालिकेतल्या वरच्या टॅबांमध्ये आहे, खालच्या किमतीच्या कित्येकांत नाही. तिथे फक्त वायफायवरून चित्र जातं, आणि वायफायचा तुमच्याकडे भरवसा नाही. खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं, विकणाऱ्या मुलालाही बहुधा माहीत नसतं. चाळीस हजारांत, पेनासकट आणि तारेने प्रोजेक्टरला जाणारा सॅमसंग बघायचा झाला तर आदल्या वर्षीचा वरचा टॅब उतरत्या किमतीत मिळतो का, ते सणाच्या सुमारास शोधा.

कुठल्याही दुकानात जाल तेव्हा तुमची एचडीएमआयची तार आणि यूएसबी-सीचा जोड स्वतः घेऊन जा. दुकानातल्या टीव्हीला टॅब लावायला सांगा. चित्र आलं तर पुढे किमतीचं बोला. सरांच्या टॅबचं मॉडेल इथे टाका, त्यातून चित्र जातं की नाही ते मी सांगतो.

---

रसायनवाली_लातूर

सरांना मॉडेल विचारून टाकते. तोवर बाकीच्या वह्यांच्या पीडीएफ करायला घेतल्या आहेत. टॅब कुठलाही आला तरी त्या लागतीलच.